बार डोक्यावर नेण्याआधी खांदे मोकळे करा

स्नॅच, म्हणजे वजनाचा बार जमिनीवरून एका दमात थेट डोक्यावर नेणं, शिकायचाय? आधी भिंतीला पाठ लावून उभे राहा. टाचा वीतभर पुढे, कंबर भिंतीला चिकटलेली. आता कोपर सरळ ठेवून हात वर न्या. कंबर सुटली किंवा कोपर वाकलं, तर डोक्यावर वजन तूर्त नको. बडोद्यात माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक पोराला मी हेच पहिलं करायला लावतो, मग तो बेंचवर आडवं पडून छातीवरून कितीही किलो उचलत असो.

अडचण पुष्कळदा नुसत्या खांद्यात नसते, पाठीच्या वरच्या भागात असते. आडवे पडून टॉवेलची घट्ट गुंडाळी खांद्यांच्या पात्यांखाली आडवी ठेवा, हात मानेमागे घ्या आणि श्वास सोडत हळूहळू मागे झुका. कंबरेतून वाकलात तर सगळं फुकट. नंतर काठी रुंद धरून, कोपर न वाकवता, पुढून मागे न्या. सावकाश. आणि जुम्मादादा व्यायाम मंदिरासारखी जुनी तालीम असलेल्या बडोद्यात राहून हलका मुद्गल (फिरवायचा लाकडी गदेसारखा दांडा) फिरवत नसाल, तर मला खरंच वाईट वाटतं. खांद्यासाठी इतका चांगला व्यायाम मला दुसरा माहीत नाही.

क्लीनमध्ये, म्हणजे बार जमिनीवरून खांद्यांपर्यंत आणताना, तो खांद्यांवर टेकतो, बोटं सैल, कोपर उंच. कोपर पडलं की भार मनगटावर येतो.

वेटलिफ्टर मीराबाई चानूंनी टोकियो ऑलिंपिकमध्ये ४९ किलो गटात ८७ किलोंचा स्नॅच केला. तो पाहताना वजन विसरा, बार अंगाजवळून कसा वर येतो ते बघा. तुम्ही मात्र काठीवरून रिकाम्या बारवर या: पुरुषांचा २० किलो, महिलांचा १५. ताण चालेल, खांद्यात कळ आली की थांबा.