रँडम टेस्ट डेटात ३१ मार्च येतच नाहीये? तारखांच्या रेंजचे बग असे काढा

रँडम तारीख देणारं फंक्शन दिसायला दोन-तीन ओळींचं असतं, सुरुवात द्या, शेवट द्या, मधली कुठलीही तारीख मिळेल, आणि म्हणूनच त्याच्याकडे कोणी नीट बघत नाही. पण व्याज, बिलिंग, वयाची अट यातले खरे घोटाळे रेंजच्या टोकांवरच होतात आणि जनरेटर (म्हणजे हेच तारखा काढणारं फंक्शन) नेमकी टोकंच गाळत असेल तर त्यावर चालणाऱ्या सगळ्या टेस्ट हिरव्या झाल्या काय न झाल्या काय, सारखंच. उदाहरण म्हणून आर्थिक वर्ष २०२३-२४ धरू, १ एप्रिल २०२३ ते ३१ मार्च २०२४. मी पायथन धरून सांगतोय, पण बाकी भाषांतही गोष्टी याच आहेत.

कोडला हात लावायच्या आधी एक ठरवा आणि फंक्शनच्या वर कॉमेंटमध्ये लिहून ठेवा: शेवटची तारीख रेंजमध्ये धरायची की नाही. हे टीममध्ये एकदा विचारून बघा, दोन जणांची दोन उत्तरं येतील. बिझनेसवाले "एप्रिल ते मार्च" म्हणतात तेव्हा ३१ मार्च त्यात असतोच, पण लायब्ररी तसं समजत नाही. पायथनचं रँडइंट (दोन आकड्यांमधला रँडम आकडा देणारं फंक्शन) दोन्ही टोकं धरतं, रँडरेंज शेवटचं सोडतं, नमपाय या आकडेमोडीच्या लायब्ररीचं रँडइंट नाव तेच असूनही शेवटचं सोडतं, जावाच्या नेक्स्टइंटमध्येही वरची मर्यादा बाहेरच राहते. कोणीतरी स्पीडसाठी पायथनच्या साध्या रँडमवरून नमपायवर जातो, नाव तेच म्हणून आकडे तसेच ठेवतो, आणि त्या दिवसापासून शेवटची तारीख गायब.

आता मोजणी. ३१ मार्च २०२४ मधून १ एप्रिल २०२३ वजा केला की ३६५ येतात, पण बोटांवर मोजाल तर दिवस ३६६ आहेत, कारण दोन्ही टोकं धरायची आहेत (मध्ये २९ फेब्रुवारी पण आहे बरं का). म्हणजे रँडइंट वापरत असाल तर ० ते ३६५ मधला आकडा काढून सुरुवातीच्या तारखेत मिळवायचा, रँडरेंज वापरत असाल तर त्याला ३६६ द्यायचे. गोंधळून रँडइंटलाच ३६६ दिले तर अधूनमधून १ एप्रिल २०२४ येईल, जे पुढचं आर्थिक वर्ष झालं, आणि ते ३६७ मध्ये एकदाच येणार म्हणून टेस्ट कधीतरीच फेल होते, लोक "फ्लेकी आहे" (कारण नसताना कधी पास, कधी फेल) म्हणून रीरन करतात आणि बग तिथेच बसून राहतो. हे रीरन करणं कृपया थांबवा, तारखांची टेस्ट कधीतरी फेल होते याचा अर्थ बहुतेक वेळा टोक चुकलंय.

बग खरंच गेला का हे तपासताना बरेच जण मोठी रेंज घेऊन हजार तारखा काढतात आणि सगळ्यात लहान-मोठी तारीख बघतात. यातून फारसं कळत नाही. १० वर्षांची रेंज असेल तर साधारण ३,६५३ दिवस होतात, त्यातून हजार तारखा काढल्या तर जनरेटर एकदम बरोबर असला तरी शेवटचा दिवस १०० पैकी साधारण ७६ वेळा दिसणारच नाही! म्हणून रेंज छोटी करा. सुरुवात आणि शेवट एकच तारीख द्या, तीच परत यायला हवी, एरर आली तर कुठेतरी रेंज रिकामी होतेय. मग दोनच दिवस द्या, ३१ मार्च आणि १ एप्रिल, हजार वेळा चालवा आणि आलेल्या तारखांचा सेट बरोबर त्या दोनच तारखांचा आहे ना ते बघा. मग २८ फेब्रुवारी ते १ मार्च, एकदा २०२४ साठी (तीन तारखा) आणि एकदा २०२३ साठी (दोनच). शेवटी उलटी रेंज द्या, तिथे स्पष्ट एरर यायला हवी, गुपचूप अदलाबदल नको. माझ्या मते या चार टेस्ट एवढ्या कामाच्या आहेत की बाकी काही नाही केलं तरी या लिहाच.

लक्षणावरूनही बरंच ओळखता येतं. सगळ्या तारखा १ एप्रिललाच येतायत? कोणीतरी टाइमडेल्टाचं (पायथनमधलं दोन तारखांचं अंतर) सेकंड्स वापरलंय, ते फक्त पूर्ण दिवस सोडून उरलेले सेकंद देतं, इथे ० येणार, टोटल सेकंड्स वापरायला हवं. कधीच २९, ३०, ३१ तारीख येत नाही? वर्ष, महिना, दिवस वेगवेगळे काढलेत आणि एरर टाळायला दिवस २८ वर थांबवलाय. ते पूर्ण काढून टाका आणि वर सांगितल्याप्रमाणे दिवस मिळवायची पद्धत वापरा.

वेळेसकट तारीख हवी असेल तर अजून एक खड्डा आहे. शेवट म्हणून नुसतं ३१ मार्च दिलं की ते ३१ मार्चची मध्यरात्र ००:०० धरलं जातं आणि अख्खा शेवटचा दिवस जातो. यावर २३:५९:५९ चिकटवणं हा उपाय नाही, एसक्यूएल सर्व्हरच्या जुन्या डेटटाइम टाइपमध्ये २३:५९:५९.९९९ राउंड होऊन सरळ दुसऱ्या दिवशी जातं. वेळ असेल तेव्हा शेवट १ एप्रिल ००:०० ठेवा आणि "त्याच्या आधी" असा नियम करा. म्हणजे नुसत्या तारखांना दोन्ही टोकं धरा, वेळ असेल तर शेवटचं टोक सोडा, आणि हे दोन फंक्शन वेगळेच ठेवा.

टाइमझोनचा बग भारतात बसून लगेच ओळखता येतो, डेटात १८:३० दिसलं की समजायचं. जावास्क्रिप्टमध्ये लोकल १ एप्रिल २०२३ बनवून टूआयएसओस्ट्रिंग (यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत तारीख लिहून देणारं फंक्शन) केलं की ३१ मार्च १८:३० मिळतं, कारण आपण यूटीसीच्या साडेपाच तास पुढे, आणि पहिले दहा अक्षर कापून घेतले की तारीख आदल्या आर्थिक वर्षात! शिवाय तिथे महिना ० पासून मोजतात, एप्रिल म्हणजे ३. पायथनमध्ये पायटीझेड या टाइमझोनच्या लायब्ररीचा झोन थेट डेटटाइमला टाइमझोन म्हणून दिला तर +५:३० ऐवजी +५:५३ येतं, जुनी कलकत्ता वेळ. पायथन ३.९ पासून त्याच कामासाठी झोनइन्फो आहे, तेच वापरा. आणि सीआय सर्व्हर (टेस्ट आपोआप चालवणारा) यूटीसीवर असेल तर आपल्याकडे पहाटे साडेपाचपर्यंत तिथे कालचीच तारीख असते, त्यामुळे रात्री चालणाऱ्या जॉबमध्येच टेस्ट फेल होत असतील तर आधी इथे बघा.

जन्मतारखेत गुणाकार करू नका. १८ गुणिले ३६५ म्हणजे ६,५७०, पण १८ वर्षांत दिवस ६,५७४ किंवा ६,५७५ असतात (१९०० किंवा २१०० मध्ये येत असेल तर अजून वेगळे), म्हणजे तुमचा "सज्ञान" ग्राहक अजून १७ वर्षांचाच आहे, अठराला चार-पाच दिवस कमी. वर्ष वजा करा, पण पायथनच्या रिप्लेसने वर्ष बदलताना आज २९ फेब्रुवारी असेल तर व्हॅल्यूएरर येते, डेटयूटिल लायब्ररीचं रिलेटिव्हडेल्टा वापरलं तर ते २८ फेब्रुवारीवर आणतं. वय १८ ते ६० हवं असेल तर सगळ्यात जुनी जन्मतारीख आजपासून ६० नाही, ६१ वर्षं मागे जाऊन एक दिवस पुढे, कारण साठ पूर्ण झालेला माणूस एकसष्ट होईपर्यंत साठचाच.

जोडीच्या तारखा, म्हणजे ऑर्डर आणि डिलिव्हरी, वेगवेगळ्या रँडम काढून उलट आल्या की अदलाबदल करणं खूप ठिकाणी दिसतं. चालतं, पण ऑर्डरी वर्षाच्या सुरुवातीला गोळा होतात आणि डिलिव्हरी शेवटाला. त्याऐवजी ऑर्डरची तारीख काढा, मग १ ते ७ दिवसांचं अंतर काढून मिळवा. आता ३० मार्चच्या ऑर्डरची डिलिव्हरी एप्रिलमध्ये जाऊ शकते, तर ती ओढून ३१ मार्चवर आणू नका, नाहीतर त्या एका दिवशी डिलिव्हरीचा ढीग लागेल. जाऊ द्या एप्रिलमध्ये, खऱ्या धंद्यात तसंच होतं आणि तीच केस टेस्ट व्हायला हवी.

फेकर (खोटा टेस्ट डेटा बनवणारी लायब्ररी) वापरत असाल तर फक्त सीड (तोच दिला की तेच रँडम आकडे परत येतात असा सुरुवातीचा आकडा) देऊन भागत नाही, कारण "-३० वर्षं ते आज" असं लिहिलं की "आज" रोज सरकतो आणि त्याच सीडवर उद्या वेगळी तारीख येते. टेस्टमध्ये "आज" एकदाच ठरवा, आर्ग्युमेंट म्हणून खाली द्या, फंक्शनच्या आत परत घड्याळ बघू नका. आणि टेस्ट फेल झाली की लॉगमध्ये सीड, सुरुवात, शेवट, धरलेला "आज" आणि टाइमझोन हे पाचही छापा, म्हणजे दुसऱ्याच्या लॅपटॉपवर तीच तारीख परत काढता येईल.