फॉर्म हरवलेला स्टार संघात घ्यावा का?

एनबीएत (अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये) असा खेळाडू घेताना आधी घसरणीचं कारण शोधा. नुसती थ्री-पॉइंटची (लांबून मारलेल्या तीन गुणांच्या फटक्यांची) टक्केवारी बघून घाबरू नका: 100 फटक्यांत 38 ऐवजी 33 पडले, तर तो नशिबाचाही खेळ असू शकतो. रिमपाशी (बास्केटच्या कड्यापाशी) जाणं आणि फ्री थ्रो (फाउलनंतरचे मोफत फटके) मिळवणं कमी झालंय का, ते तपासा. हे दोन्ही आटले असतील तर बहुधा पायातला जोर गेलाय, आणि तिशी ओलांडलेल्याचा तो क्वचितच परत येतो. वेग शाबूत असून फक्त फटके चुकत असतील, तर बोलणी करायला हरकत नाही.

मग व्हिडिओ बघा. चेंडू हातात नसताना तो काय करतो? कोपऱ्यात नुसता उभा राहत असेल, तर त्याचा बचावपटू खुशाल मध्ये येऊन तुमच्या मुख्य खेळाडूची वाट अडवतो. लॉस एंजेलिस लेकर्स संघाने 2021मध्ये रसेल वेस्टब्रूकला घेतलं तेव्हा हीच अडचण झाली. त्याच्या सुमारे 4.4 कोटी डॉलरच्या पगाराशी मेळ घालायला कुझ्मा, कॉल्डवेल-पोप आणि हॅरेल हे तीन खेळाडू बदल्यात गेले. संघ त्या मोसमात 33 विजय, 49 पराभवांवर आटोपला.

करार एका वर्षाचा उरला असेल तर जोखीम पेलते. तीन वर्षं उरली असतील, तर उलट समोरच्या संघाकडूनच पहिल्या फेरीचा पिक (ड्राफ्टमध्ये नवा खेळाडू निवडायचा हक्क) मागा. मेडिकल तपासणीत घाई नको.