रीफ टँक: बाटली उघडण्याआधी या चुका टाळा

रीफ टँक म्हणजे जिवंत कोरल (प्रवाळ) पाळायची खाऱ्या पाण्याची टाकी. तिथे कोरल मिटलेलं दिसलं की हात आधी कॅल्शियमच्या बाटलीकडे जातो. माझाही जायचा. पण बरेचदा दुखणं खारेपणात असतं. वाफ होऊन उडतं ते नुसतं पाणी, मीठ टाकीतच राहतं. तरी भर घालताना लोक खारं पाणी ओततात! 200 लिटरच्या टाकीतून रोज 2 लिटर उडत असेल, तर आठवड्यात जवळपास अर्धा किलो मीठ वाढतं आणि 35 पीपीटीचा (हजार भागांत 35 भाग मीठ) खारेपणा 37च्या पुढे जातो. भर गोड्या पाण्याचीच हवी. घरचा पिण्याचा आरओ मात्र नको. त्यात टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलर असेल तर तो नळाचं थोडं पाणी परत मिसळतो. आरओपुढे डीआय (उरलेले क्षार काढणारा फिल्टर) लावून टीडीएस शून्य आलेलं पाणी घ्या.

दुसरी गफलत अधिक महागात पडते. कॅल्शियम 380 पीपीएम (दहा लाखांत इतके भाग) दिसलं, म्हणून दुप्पट डोस दिला आणि लगेच त्याच जागी अल्कलिनिटीचा (पाण्यातल्या कार्बोनेट-बायकार्बोनेटचं प्रमाण) बफर, म्हणजे ती वाढवणारं द्रावण, ओतला. पाणी दुधाळ झालं, हीटरवर पांढरी पुटं चढली, दोन्ही डोस वाया. मध्ये वेळ सोडा आणि पंपाच्या जोरदार प्रवाहात घाला. एवढं करूनही कॅल्शियम चढत नसेल तर मॅग्नेशियम मोजा. ते 1250 पीपीएमच्या खाली असेल तर आधी ते वर आणा.

मोजायची खरी गोष्ट अल्कलिनिटी. ती डीकेएच या एककात मोजतात. कोरल 1 डीकेएच वापरतं तेव्हा कॅल्शियम जेमतेम 7 पीपीएमने उतरतं. म्हणजे 420चं 410 होईपर्यंत कुणाच्या लक्षातही येत नाही, तोवर अल्कलिनिटी दीडने घसरलेली असते. ती 7 ते 9मध्ये ठेवा आणि सुधारतानाही दिवसाला 1 डीकेएचपेक्षा जास्त हलवू नका.

‘पाणी बदललं की सगळं भरून निघेल’ हा हिशेबही कच्चा. टाकीत अल्कलिनिटी 5.5 आणि नव्या पाण्यात 8 असताना 10 टक्के पाणी बदललं, तर आकडा 5.75वर येतो, बस्स. पाणी बदलायचं ते साचलेला नायट्रेट कमी करायला आणि सूक्ष्म खनिजांची थोडी भर पडायला. नवं पाणी तापमान आणि खारेपणा जुळवूनच घाला. कोकण किनारा जवळ आहे म्हणून पावसाळ्यात कॅन भरून आणू नका. खाड्यांतून उतरलेल्या गोड्या पाण्याने तिथला खारेपणा पडलेला असतो.

आयोडीन, स्ट्रॉन्शियम वगैरेंचं म्हणाल, तर ज्याची टेस्ट किट घरात नाही त्याची बाटलीही नको. आणि चुन्याची निवळी वापरत असाल तर ती रात्री, थेंब थेंब सोडा. तिचा पीएच 12च्या वर असतो. मी एकदा घाईत ग्लासभर ओतली आणि सकाळी दोन झिंगे तळाशी आडवे होते.