भाद्रपद ते दिवाळी: परसातल्या फुलवेली

बेळगाव-खानापूर पट्ट्यात मृगात लावलेली वेल श्रावणापर्यंत मांडवावर जाते, पण कळी दिसत नाही. मग बुंध्यात आणखी एक पाटी शेणखत पडतं आणि वेल अजूनच पानांत जाते. कळी न येण्याची कारणं बहुधा दोनच असतात, ऊन कमी किंवा नत्र (नायट्रोजन) जास्त. फुलवेलीला रोज पाच-सहा तास थेट ऊन लागतं. आषाढातल्या झाकोळलेल्या दिवसांत ते मिळतच नाही, म्हणून खरा बहर पाऊस उघडीप देऊ लागला की भाद्रपदात येतो. त्या वेळी वेल तयार असावी म्हणून आधीची कामं नेटकी करायची.

आधी माती. बेळगाव-खानापूरची तांबडी माती निचऱ्याची, पण जोराच्या पावसात तिच्यातलं खत धुपून जातं. तिथं दीड फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा घ्या. दोन भाग माती, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत आणि दोन मुठी निंबोळी पेंड मिसळून भरा. निपाणी, चिकोडी, अथणीकडच्या काळ्या जमिनीत मात्र खड्डा नको. त्यात पाणी साचतं, मुळं कुजतात आणि हिरवीगार वेल दोन दिवसांत मान टाकते. तिथं नऊ इंच उंच वाफा करा आणि मातीत चाळलेला मुरूम व कंपोस्ट मिसळा.

कौलारू घर असेल तर पागोळ्यांच्या रेषेत वेल कधीच लावू नका. वरून पडणाऱ्या धारेनं बुंध्याची माती उडते, पांढरी मुळं उघडी पडतात आणि रोप हलायला लागतं. भिंतीपासून तीन फूट सोडा. पावसाळी वारा पश्चिमेकडून येतो, तेव्हा घराच्या पूर्वेची किंवा दक्षिणेची बाजू बरी.

गोकर्ण सर्वांत भरवशाची. तिचं बी टणक असतं, म्हणून पॉलिश पेपरवर दोनदा घासून रात्रभर पाण्यात ठेवा. सकाळी फुगलेलं बी अर्धा इंच खोल पेरा. न फुगलेलं पुन्हा घासायचं. आठ-दहा दिवसांत कोंब दिसतो. मेअखेर आडोशाला पेरलं तर मोठ्या पावसाआधी रोप सावरतं. सहा-आठ इंचांवर शेंडा खुडला की बुंध्यातून तीन-चार फांद्या सुटतात. ही कडधान्याच्या कुळातली, मुळांच्या गाठींतून स्वतःचं नत्र मिळवणारी वेल, म्हणून हिला युरिया नकोच. फुलं सुरू झाली की कोवळ्या शेंगा रोज तोडा. शेंगा राहिल्या तर वेलीची ताकद बियांत जाते. बियाण्यासाठी दिवाळीनंतरच्या चार शेंगा पुरेत.

गणेशवेलीचं बी जागेवरच पेरा, कारण उपटून लावलेलं रोप रुसतं. सुतळी ताणून दिली की ती आपोआप चढते. बी मात्र सगळीकडे पडतं, तेव्हा नको तिथली रोपं लहान असतानाच काढा. मधुमालतीची फुलं नव्या फुटीवर येतात, म्हणून फेब्रुवारीत एक-तृतीयांश छाटा. तिचं वजन मोठं, तिला बांबू पुरत नाही. लोखंडी पाइप नि जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या) तारेचा मांडव हवा. जाई-जुईची छाटणी डिसेंबर-जानेवारीत. संक्रांतवेल मात्र पावसाळा सरताना अजिबात छाटू नका, जानेवारीचा सगळा बहर कात्रीत जाईल. तिची छाटणी फुलं संपल्यावर.

पहिली कळी दिसली की नत्र थांबवून पालाश (पोटॅश) द्या. तांबड्या जमिनीत महिन्याला वेलीमागे दोन मुठी लाकडाची राख चालते. काळ्या जमिनीत राख टाळा, ती जमीन मुळातच अल्कधर्मी असते. तिथं सल्फेट ऑफ पोटॅश एक चहाचा चमचा, बुंध्यापासून वीतभर लांब, ओल्या मातीत.

वेलींच्या पायथ्याला झेंडू आणि शेवंती लावली की मांडव शोभतो आणि फुलंही मिळतात. झेंडूसाठी सणाच्या तारखेपासून ८५ ते ९० दिवस मागे मोजून बी पेरा. शेंडा खुडणार असाल तर आणखी दहा दिवस धरा. रोपांत दीड फूट अंतर हवं. शेवंतीचे शेंडे ऑगस्टच्या मध्यापर्यंतच खुडायचे, पुढे खुडलं तर कळ्याच जातात. शेवंतीला कळी धरायला लांब, अखंड अंधारी रात्र लागते. कंपाउंडजवळ रस्त्याचा दिवा रात्रभर अंगावर पडत असेल तर ती उंच वाढत राहते, फुलत नाही. कुंडीत असेल तर संध्याकाळी आड हलवा, नाहीतर दिव्याचा उजेड घराआड अडेल अशी जागा शोधा.

हस्ताचा पाऊस ओसरून ऑक्टोबरचं ऊन लागलं की कोवळ्या शेंड्यांवर मावा आणि पानांखाली लाल कोळी ही बारीक कीड येते. एक लिटर कोमट पाण्यात दोन मिली पातळ साबण, मग पाच मिली निंबोळी तेल, नीट ढवळून संध्याकाळी पानांच्या खालून फवारा. आठवड्यानं पुन्हा. कृष्णकमळाची पानं रात्रीत फस्त झाली तर लालसर, काटेरी अळ्या शोधा. हातमोजा घालून वेचणं फवाऱ्यापेक्षा लवकर होतं. शेवंतीच्या पानांवर पांढरी भुरी (बुरशी) दिसली तर खालची पानं काढून हवा खेळती करा, आणि पाणी सकाळीच, मुळाशी द्या.