कालव्याकाठची ग्रुप राइड: गट तुटू न देता कशी आखायची

कालव्याच्या वाटेने ग्रुप राइड आखताना बहुतेक जण अंतराला वेगाने भागतात आणि वेळ काढून मोकळे होतात. ४० किलोमीटर, ताशी १४ चा वेग, म्हणजे तीन तासांच्या आत परत. बारा जणांच्या गटाला हीच राइड साडेचार तास लागते. वरचा दीड तास फाटकांवर, पुलांखाली, पंक्चर काढण्यात आणि मागच्यांची वाट बघण्यात जातो, आणि राइड बिघडते ती याच दीड तासात. आखणी करायची ती त्याची. सायकलीची तपासणी, हेल्मेट, पाणी, खाणं हे ज्याचं त्याने बघून यायचं असतं, त्यावर इथे शब्द खर्च करत नाही.

वाट आधी चालवून बघा

जलवाहतुकीच्या जुन्या कालव्यांवरची वाट नाव ओढणाऱ्या घोड्यासाठी बांधलेली असते. अमेरिकेत पोटोमॅक नदीच्या काठाने जवळपास ३०० किलोमीटर जाणारी चेसापीक-ओहायो कालव्याची वाट आज सायकलस्वारांची आवडती आहे, पण तीही मुळात ओढकामाच्या जनावरांचीच. हे लक्षात घेतलं की वाटेच्या अडचणी आधीच ओळखता येतात.

पुलाखाली वाट अरुंद होते. कमानीचा पूल असेल तर कमान भिंतीच्या बाजूला खाली उतरते, आणि डोकं वाचवायला माणूस नकळत पाण्याकडे सरकतो. जिथे नावा वर-खाली चढवतात त्या जलपाशापाशी, म्हणजे लॉकपाशी, वाटेला छोटा पण खडा चढ असतो. काही ठिकाणी त्या चढावर घोड्याचे खूर रुतावेत म्हणून आडव्या विटा वर काढलेल्या असतात. ओल्या झाल्या की त्यांच्यावर टायर घसरतो. बोगद्यातून बऱ्याचदा वाटच काढलेली नसते. घोडा टेकडीवरून पलीकडे नेत, म्हणून तुमचीही वाट तिथे टेकडी चढते. आणि एखाद्या पुलावर वाट काहीही न सांगता कालव्याच्या दुसऱ्या काठाला जाते. गट फुटतो तो बहुधा अशाच पुलावर.

राइडच्या आधीच्या आठवड्यात ही वाट एकदा चालवा, आणि राइडला जाणार त्याच दिशेने चालवा. उलट दिशेने वळणं आणि पाट्या वेगळ्याच दिसतात. चार गोष्टी लिहून आणा: प्रत्येक फाटक किंवा अडसर, काठ बदलणारा प्रत्येक पूल, गाडी पोचू शकेल अशी रस्त्याला मिळणारी प्रत्येक जागा, आणि बारा सायकली वाट न अडवता उभ्या राहतील अशा मोकळ्या जागा. पुलांना क्रमांक असतील तर तेच टिपा. वाटेवर त्याहून चांगला पत्ता मिळत नाही.

नदी शेजारी आहे हेही विसरू नका. कालव्याची पातळी बांधलेल्या सांडव्यांनी राखलेली असते, नदीची तशी नसते. जिथे कालवा नदीला मिळतो किंवा वाट नदीकाठाने जाते, तो भाग पाऊस झाल्यावर बुडतो. रस्त्याखालून जाणारे भुयारी टप्पे सगळ्यात आधी भरतात, आणि पाणी ओसरल्यावरही तिथे गाळाचा पातळ थर राहतो. कोरडा दिसणारा तो गाळ बर्फासारखा निसरडा असतो. आदल्या दिवशी नदीची पातळी बघा, आणि दुरुस्तीसाठी वाट बंद असल्याची सूचना लागली आहे का तेही.

अंतर आणि दिशा

सरावात फरक असलेल्या गटाला ३० ते ४० किलोमीटर भरपूर झाले. वाट सपाट आहे म्हणून अंतर वाढवा, असा सल्ला सर्रास दिला जातो, तो चुकीचा आहे. सपाट वाटेवर उतार नसतो, म्हणजे पायडल थांबवून बसायला मिळत नाही. माणूस तासन् तास एकाच पवित्र्यात राहतो. दम लागत नाही, पण बूड, मनगटं आणि मान दुखायला लागतात, आणि ते तिसाव्या किलोमीटरनंतर एकदम जाणवतं. दर ४० मिनिटांनी सगळ्यांना खाली उतरवा, थकले नसले तरी.

जाऊन-येऊन राइड असेल तर जाताना वारा समोरून घ्या. मोकळ्या सरळ कालव्यावर आडोसा नसतो, आणि परतीला थकलेल्या गटासमोर वारा आला तर ताशी १४ चा वेग सहज १० वर येतो. एकेरी राइड असेल तर वाऱ्याच्या दिशेने जा.

खडी किंवा मुरमाच्या वाटेला ३२ मिलिमीटर किंवा त्याहून रुंद टायर हवेत. २५ मिलिमीटरचे रोड टायर घेऊन येणाऱ्याला आधीच सांगा की त्याचा वेग सगळ्यात कमी राहील.

गट एकत्र ठेवणं

राइडची खरी कसोटी इथे लागते. बारा माणसं, पुढे लीड, म्हणजे वाट दाखवणारा, आणि मागे स्वीप, म्हणजे सगळ्यांच्या शेवटी राहणारा. त्याहून जास्त लोक असतील तर दोन गट करा आणि दहा मिनिटांच्या अंतराने सोडा, म्हणजे त्यांच्यात दोन किलोमीटरहून जास्त जागा राहील आणि एकाच फाटकावर दोन्ही गट अडकणार नाहीत.

आधी फाटकाचं गणित बघा. कालव्याच्या वाटेवर मोटारसायकल आत येऊ नये म्हणून एका वेळी एकच सायकल जाईल असे अडसर लावतात. उतरणं, सायकल वळवणं, पलीकडे काढणं, पुन्हा चढणं याला माणशी वीस सेकंद जातात. बारा जणांना चार मिनिटं. लीड न थांबता तसाच पुढे गेला तर शेवटची सायकल बाहेर पडेपर्यंत पहिली साडेआठशे मीटर पुढे असते. ताशी १४ ने चाललेल्या लीडला गाठायला शेवटच्याने ताशी १८ ने चालवलं, तरी त्याला जवळपास तेरा मिनिटं जीव तोडून पळावं लागतं. तेवढ्यात पुढचं फाटक येतं. असं तीनदा झालं की शेवटचे दोघं थकतात, आणि सगळे म्हणतात त्यांचा दम कमी. दम कमी नसतो, लीड चुकलेला असतो.

म्हणून नियम असा: फाटक ओलांडलं की लीड ३० मीटर पुढे जाऊन थांबतो. फाटकाच्या तोंडाशी कधीच नाही, कारण तिथे पहिले चौघं उभे राहिले की मागच्या आठ जणांना बाहेर पडायला जागाच उरत नाही. एका सायकलीला दोन मीटर धरा, बारांना २४ लागतात. सायकल उचलून पलीकडे द्यावी लागते अशा अडसरावर दोन धडधाकट माणसं शेवटपर्यंत उभी ठेवा आणि सायकली हातोहात काढा. वेळ निम्म्यावर येतो. स्वीप पलीकडे आला की हात वर करतो. तो हात दिसल्याशिवाय लीड हलत नाही.

आणि हात दिसला की लगेच निघायचंही नाही. पुढे पोचलेले लोक चार मिनिटं विसावलेले असतात, शेवटचा आत्ताच पोचलेला असतो. तो आल्या आल्या सगळे निघाले तर दिवसभर विश्रांती मिळाली नाही असा एकच माणूस उरतो, तोही सगळ्यात हळू चालवणारा. शेवटचा आल्यावर घड्याळ लावून दोन मिनिटं थांबा. मोठ्या थांब्यावर पाच.

दुसरा प्रश्न वळणांचा: काठ बदलणारे पूल, फाटे, रस्ता ओलांडायच्या जागा. दर वळणाला अख्खा गट थांबवला तर राइड कधी संपायची नाही. त्यासाठी नाक्यावर माणूस ठेवायची पद्धत वापरा. वळण आलं की लीडच्या मागचा माणूस तिथेच वाटेबाहेर उभा राहतो आणि मागून येणाऱ्या प्रत्येकाला दिशा दाखवतो. स्वीप आला की तो स्वीपच्या पुढे गटात मिसळतो. पुढच्या वळणाला लीडच्या मागे जो असेल तो उभा राहतो. लीडला थांबावं लागत नाही, आणि चुकायची जागा राहत नाही.

ही पद्धत दोनच कारणांनी फसते. पहिलं, नाक्यावरचा माणूस कंटाळून निघून जातो. निघण्याआधी प्रत्येकाला निक्षून सांगा: स्वीप स्वतःच्या डोळ्यांनी दिसेपर्यंत हलायचं नाही, वीस मिनिटं लागली तरी. मागे पंक्चर झालं असेल तर वीस मिनिटं लागतातच. दुसरं, स्वीप कोण हे त्याला ओळखता येत नाही. स्वीपला भडक रंगाचं जॅकेट द्या, जे गटात दुसऱ्या कोणाकडेही नसेल. शेवटून तिसऱ्या माणसालाच स्वीप समजून नाका सोडला, की मागचे दोघं चुकीच्या काठाने पाच किलोमीटर जातात आणि मध्ये पूल नसतो.

स्वीप हा गटातला कच्चा माणूस नव्हे. त्याला पंक्चर काढता आलं पाहिजे, चेन जोडता आली पाहिजे, आणि थकलेल्या माणसाशी न चिडता बोलता आलं पाहिजे. माझ्या मते लीडपेक्षा स्वीप निवडायला जास्त विचार लागतो.

सगळ्यात हळू चालवणाऱ्याला सर्वांत पुढे ठेवा, हा सल्ला तर सोडूनच द्या. अरुंद वाटेवर त्याच्या मागे अकरा जण दाटतात, पुढच्याच्या मागच्या चाकाला मागच्याचं पुढचं चाक बाजूने भिडतं, पुढचा जरा सरकला की मागचा पडतो, आणि एका बाजूला पाणी असतं. हळू चालवणाऱ्याला लीडच्या मागे दुसरा किंवा तिसरा ठेवा. त्याला वारा कमी लागतो, आणि लीडला मान वळवून त्याच्यावरून वेग ठरवता येतो. नाक्यावर उभं राहायची पाळी त्याला देऊ नका, नाहीतर तो शेवटी ढकलला जाईल.

व्हॉट्सॲप ग्रुप आदल्या दिवशीपर्यंत ठीक. चालत्या राइडमध्ये मेसेज कोणी बघत नाही. लीड आणि स्वीप यांच्यात थेट फोन, एवढंच चालतं. वाटेत कोणाला राइड सोडून घरी जायचं असेल तर त्याने स्वीपला तोंडी सांगून जायचं. दुसऱ्या कोणाला सांगितलेलं धरायचं नाही.

पाण्याशेजारी

एका ओळीत, दोन सायकलींमध्ये तीन-चार मीटर. खडीवर ब्रेक उशिरा लागतो. चालणाऱ्याला वाट आधी द्या: लांबूनच घंटा, वेग चालण्याइतका, आणि पहिल्या सायकलस्वाराने मागे किती आहेत ते त्याला सांगायचं. पहिली सायकल गेली की माणूस पुन्हा वाटेच्या मध्यावर येतो आणि दुसऱ्या सायकलीला धडकतो. मासे धरणाऱ्यांच्या लांब काठ्या वाटेवर आडव्या असतात. काठी उचलली जाईपर्यंत थांबा.

पुलाखालच्या आंधळ्या वळणावर उतरून चाला. दिवसाही दिवा लावा. पायडलला जोडले जाणारे बूट असतील तर अशा ठिकाणी आधीच सोडवून घ्या. कोणी पाण्यात पडलं तर आधी माणूस, सायकल नंतर. जलपाशाच्या कुंडात मात्र कोणी उडी घ्यायची नाही, भिंती उभ्या असतात आणि वर चढता येत नाही. शिडी शोधा, दोर किंवा जीवरक्षक कडं टाका. कालव्याच्या पाण्यात उंदरांच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू येऊ शकतात. खरचटलेली जागा झाका, खाण्याआधी हात धुवा.

पंक्चर

कुंपणाची झुडपं छाटली की काटे वाटेवर पडतात. एका गटाला दिवसात एक पंक्चर धरूनच चाला. प्रत्येकाकडे आपल्या मापाची एक ट्यूब हवी. ७०० आणि २६ ची चाकं एकाच गटात असतात, शिवाय व्हॉल्व्हही दोन प्रकारचे असतात, बारीक प्रेस्टा आणि जाड श्रेडर. पंप दोन्हीला चालणारा घ्या. नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून बोट फिरवून काटा शोधा आणि काढा. घाईत तो तसाच राहतो, आणि दुसरी ट्यूबही शंभर मीटरमध्ये बसते. पंक्चर झालेल्यासोबत स्वीप आणि आणखी एक जण थांबतो, बाकीचे पुढच्या मोकळ्या जागेपर्यंत जातात. बारा जणांनी भोवती उभं राहून काम लवकर होत नाही.

वेळापत्रक

आता हिशेब मांडा. ४० किलोमीटरला ताशी १४ ने दोन तास पन्नास मिनिटं. सहा फाटकं, प्रत्येकी चार मिनिटं, २४. तीन छोटे थांबे आठ-आठ मिनिटांचे, २४. एक मोठा थांबा अर्धा तास. एक पंक्चर पंधरा मिनिटं. एकूण चार तास तेवीस मिनिटं, म्हणून साडेचार धरा. सूर्यास्ताच्या एक तास आधी राइड संपेल अशा बेताने निघायची वेळ मागे मोजा.

प्रत्येक मोकळ्या जागेसमोर पोचायची वेळ लिहा आणि हा कागद लीड आणि स्वीप दोघांकडे द्या. निम्म्या अंतरावर अर्ध्या तासाहून जास्त उशीर झाला असेल तर तिथूनच वळा किंवा जवळच्या रस्त्याला बाहेर पडा. हा निर्णय निघण्याआधी सगळ्यांना सांगून ठेवायचा. वाटेत चर्चा सुरू झाली की आणखी वीस मिनिटं जातात.

मदत बोलवायची वेळ आली तर पुलाचा क्रमांक, कोणता काठ, आणि फोनवरचे अक्षांश-रेखांश सांगा. एक माणूस रस्त्याला मिळणाऱ्या जागेवर जाऊन उभा राहू द्या. रुग्णवाहिकेला वाट दिसते, पण वाटेवर कुठून शिरायचं ते दिसत नाही.

परत आल्यावर डोकी मोजा. स्वीप आला आणि आकडा जुळला की मगच लोकांना पांगू द्या.