पुण्यातील मुलीने भारताच्या आर्टिस्टिक जिम्नॅस्टिक्स संघापर्यंत कसे पोहोचावे

जून महिन्यात जिम्नॅस्टिक्सच्या वर्गात नवी तुकडी सुरू झाली की एखादी आई हमखास विचारते, “मॅडम, इंडियाच्या टीमसाठी फॉर्म कुठे मिळतो?” असा फॉर्म कोठेही मिळत नाही. भारतीय संघाची निवड राष्ट्रीय महासंघ निवड चाचणी घेऊन करतो आणि त्या चाचणीचा रस्ता जिल्हा, राज्य आणि राष्ट्रीय स्पर्धांमधून जातो. म्हणून मुलगी ज्या वर्गात शिकते तो जिल्हा संघटनेशी संलग्न आहे की नाही, हे पहिल्याच महिन्यात विचारून घ्यावे. शालेय स्पर्धांची वाट वेगळी आहे. ती महापालिका किंवा जिल्हा, मग विभाग आणि राज्य अशी चढत जाते आणि दहावी-बारावीच्या सवलतीच्या गुणांसाठी पालकांना ती ओळखीची असते. स्पर्धेचा सराव म्हणून ती उत्तमच आहे, पण केवळ तिच्यावर विसंबून राहू नये. संघटनेच्या स्पर्धाही खेळल्याच पाहिजेत.

कागदपत्रांकडे लोक शेवटी पाहतात, ती मी सुरुवातीलाच पाहायला सांगते. माझ्याकडील एका मुलीचे नाव जन्मदाखल्यावर एक आणि शाळेच्या दाखल्यावर दुसरे होते. दुरुस्ती होईपर्यंत प्रवेशिकांची मुदत उलटून गेली आणि वर्षभर घाम गाळलेली ती पोर प्रेक्षकांत बसून मैत्रिणींची स्पर्धा पाहत राहिली. वयाचा हिशेब या खेळात काटेकोर असतो. आंतरराष्ट्रीय वरिष्ठ गटात खेळण्यासाठी मुलीला त्या कॅलेंडर वर्षात १६ वर्षे पूर्ण व्हावी लागतात, म्हणजे डिसेंबर २०१० मध्ये जन्मलेली मुलगी जानेवारी २०२६ पासूनच पात्र ठरते. भारताकडून खेळण्यासाठी भारतीय नागरिकत्व आणि भारतीय पासपोर्ट लागतो. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या आपल्या नातलगांच्या मुलींना ओसीआय कार्डावर (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणाऱ्या कार्डावर) ती संधी मिळत नाही. आंतरराष्ट्रीय महासंघाचा परवानाही लागतो आणि तो राष्ट्रीय महासंघामार्फत काढला जातो.

आता मुख्य गोष्ट. महिलांच्या आर्टिस्टिक प्रकारात व्हॉल्ट (धावत येऊन टेबलावरून घ्यायची उडी), अनइव्हन बार्स (कमी-अधिक उंचीच्या दोन आडव्या दांड्या), बीम (तोल सांभाळायची अरुंद तुळई) आणि फ्लोअर (जमिनीवरील कसरती) अशी चार साधने असतात. आपल्याकडील मुली व्हॉल्टवर रमतात आणि त्याला कारणही आहे. दीपा कर्माकरने २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये व्हॉल्टच्या अंतिम फेरीत १५.०६६ गुण मिळवून चौथे स्थान पटकावले, तेव्हा कांस्यपदक अवघ्या ०.१५० गुणांनी हुकले होते. अरुणा रेड्डीचे २०१८ मधील विश्वचषक स्पर्धेचे कांस्य आणि प्रणती नायकची आशियाई पदकेही व्हॉल्टचीच आहेत. मात्र भारताचा महिला संघ, संघ म्हणून, अद्याप ऑलिंपिकला पात्र ठरलेला नाही. जागतिक स्पर्धेच्या पात्रता फेरीत पाच जणींच्या संघातील चौघी प्रत्येक साधनावर उतरतात आणि त्यांपैकी तिघींचे सर्वोत्तम गुण धरले जातात. एकाच साधनावर चमकणारी मुलगी तेथे उरलेल्या तीन साधनांचा भार इतरांवर टाकते. चारही साधनांवर भरवशाची कामगिरी करणारी मुलगी संघाला कितीतरी अधिक हवी असते. म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की बार्स आणि बीम यांची पायाभरणी लवकर झाली पाहिजे.

बार्सवरील ‘किप’ पाहा. मुलगी खालच्या दांडीला लटकून पाय पुढे सरकवत शरीर लांब ताणते, परतीच्या झोक्यात घोटे दांडीजवळ आणते आणि हात ताठ ठेवून दांडी मांड्यांवरून वर सरकवल्यासारखी खेचत दांडीवर ताठ हातांच्या टेकूवर येते. पाहताना क्षणभराचे वाटणारे हे कौशल्य बसायला कित्येक मुलींना महिनोन्‌महिने लागतात. तळहाताची कातडी सोलली जाते, मॅग्नेशियमची पांढरी पूड लागली की चुरचुरते. या काळात घरच्यांनी “अजून जमले नाही का?” असे विचारू नये, एवढी माझी कळकळीची विनंती आहे. शाळेच्या सभागृहातील मॅट आणि एखादा बीम एवढ्यावर सुरुवात होऊ शकते, परंतु आठ-नऊ वर्षांपर्यंत पूर्ण साधने आणि उड्यांसाठी फोमचा खड्डा असलेल्या ठिकाणी सराव मिळायला हवा. म्हाळुंगे-बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडा संकुलात राज्यस्तरीय स्पर्धा असेल, तेव्हा मुलीला नुसते पाहायला तरी जरूर न्यावे. कोथरूड-सिंहगड रस्त्याकडून रोज बालेवाडी गाठणे घरातील सगळ्यांचे वेळापत्रक बदलून टाकते, याचा विचार मात्र आधी करावा.

चाचणीसाठी रचना, म्हणजे कोणत्या साधनावर कोणती कौशल्ये करायची हे, ठरवताना गुणांचे गणित प्रशिक्षकांकडून समजून घ्यावे. काठिण्याचे गुण कौशल्यांनुसार वाढत जातात, तर सादरीकरणाचे दहापासून वजा होत जातात: लहान चुकीला ०.१, मध्यमला ०.३, मोठ्या चुकीला ०.५ आणि पडल्यास पूर्ण १ गुण. बीम जेमतेम दहा सेंटिमीटर रुंद असतो. त्यावर दहापैकी चार वेळा पडायला लावणारे अवघड कौशल्य चाचणीच्या दिवशी ठेवण्यात शहाणपण नाही. ते सरावात पक्के होऊ द्यावे आणि स्पर्धेत जे झोपेतून उठवल्यावरही जमेल तेच मांडावे. व्हॉल्टवर साधनाची अंतिम फेरी गाठायची असेल तर दोन वेगवेगळे व्हॉल्ट लागतात, म्हणून दुसरा व्हॉल्टही वेळेत तयार करावा.

निकाल लागल्यावर नाव यादीत नसेल, तर त्याच दिवशी गुणपत्रकातील काठिण्य आणि सादरीकरण हे दोन आकडे चारही साधनांसाठी वहीत उतरवून घ्यावेत, निवडल्या गेलेल्या शेवटच्या मुलीचे आकडे त्यांच्याशेजारी लिहावेत आणि सर्वांत मोठा फरक जेथे दिसेल त्या साधनापासून पुढच्या सोमवारचा सराव सुरू करावा.