बेळगाव सीमाभागातून रशियन: सहा जणांचा ऑनलाइन अभ्यासगट कसा चालवायचा

गट सहा जणांचा करा. तीन जोड्या पडतात, एक-दोघं गैरहजर राहिले तरी तास होतो आणि प्रत्येकाला तोंड उघडावंच लागतं. दहा-बारा जणांच्या गटात निम्मे लोक कॅमेरा बंद करून नुसते ऐकत बसतात आणि महिन्याभरात ऐकायलाही येत नाहीत.

माणसं बेळगाव शहरातली, खानापूरची, निपाणीची, अगदी बिदर-भालकीकडची असली तरी चालेल, पण हेतू एक हवा. एमबीबीएससाठी रशियाला जाणारी मुलगी आणि हौस म्हणून शिकणारे निवृत्त गुरुजी यांची गरज जुळत नाही. इंग्रजी माध्यमातून वैद्यकीय शिक्षण घेतलं तरी पुढच्या वर्षांत वॉर्डातले पेशंट रशियनच बोलतात, त्यामुळे त्या मुलीला 'कुठे दुखतंय, कधीपासून दुखतंय' हे लवकर यायला हवं. गुरुजींना घाई नसते. अशा वेळी सरळ दोन गट करा. एकाच गटात दोघांनाही सांभाळायला गेलं की दोघंही कंटाळतात.

किती शिकायचं हे आधीच आकड्यांत ठरवून टाका. परदेशी विद्यार्थ्यांसाठी रशियनची जी सरकारमान्य परीक्षा आहे, टॉर्फल नावाची, तिच्या सर्वांत खालच्या पातळीला साधारण ७८० शब्द लागतात, त्यावरच्या पातळीला १३०० आणि रशियन माध्यमातून पदवीला प्रवेश घ्यायचा तर २३००. परीक्षेचे पाच भाग असतात: शब्द-व्याकरण, वाचन, श्रवण, लेखन आणि संभाषण. नुसतं व्याकरण घोकून ती सुटत नाही. रोज ८ नवे शब्द धरले तर ७८० शब्दांना शंभर दिवस लागतात. उजळणी आणि सणवार धरून चार महिने म्हणा. रोज २० शब्दांचा संकल्प करणारे गणपतीच्या सुट्टीनंतर परत येत नाहीत.

लिपीला दहा दिवस

सीमाभागातल्या माणसाला नवी लिपी म्हणजे संकट वाटायचं कारण नाही. देवनागरी आणि रोमन शाळेत झाली, कन्नड शाळेत नाही तर बसच्या पाट्यांवर झाली. रशियन लिपीत ३३ अक्षरं आहेत. ती वर्णमालेच्या क्रमाने पाठ करू नका, तीन ढिगांत वाटून घ्या.

पहिल्या ढिगात रोमनसारखी दिसणारी आणि जवळपास तशीच वाजणारी पाच: अ, क, म, ओ, त. ती पहिल्याच संध्याकाळी होतात. दुसऱ्या ढिगात फसवी सात. रोमन बीसारखं दिसतं ते 'व', एचसारखं 'न', पीसारखं 'र', सीसारखं 'स', वायसारखं 'उ', एक्ससारखं 'ख' आणि ईसारखं 'ये'. चुका इथेच होतात, कारण डोळा रोमन वाचून मोकळा होतो. या सातांना तीन दिवस द्या. उरलेली २१ दिसायलाच अनोळखी, म्हणून उलट ती लवकर बसतात. रोज चार-पाच घ्या.

सराव आपल्याच गावांच्या नावांवर करा. प्रत्येकाने आपलं नाव, गाव आणि तालुका रशियन अक्षरांत लिहून ग्रुपवर टाकायचं, बाकीच्यांनी वाचून दाखवायचं. हुक्केरी लिहिताना कळतं की रशियनला 'ह' नाही. निपाणी लिहिताना 'ण' मिळत नाही, बेळगाव लिहिताना 'ळ' मिळत नाही.

छापील अक्षरांबरोबरच हाताचं वळणही शिका, कारण रशियन माणूस हाताने लिहितो ते अक्षराला अक्षर जोडूनच. त्यात लहान 'त' रोमन एमसारखा दिसतो, 'द' जीसारखा आणि 'इ' यूसारखा. 'श', 'इ', 'ल', 'म' शेजारी आले की नुसत्या वेलांट्यांची रांग दिसते. म्हणून बरेच जण 'त'वर आणि 'श'खाली बारीक आडवी रेघ मारतात. तुम्हीही मारा.

फोनवर जीबोर्डच्या सेटिंगमध्ये रशियन कळफलक जोडून घ्या. 'यो' हे अक्षर 'ये'वर बोट दाबून धरलं की मिळतं. विंडोजवर 'रशियन नेमोनिक' नावाचा कळफलक आहे, त्यात रोमन बटणांच्या आवाजाप्रमाणे रशियन अक्षरं उमटतात. तो नवशिक्यांना सोपा पडतो.

इथे रशियन शब्द देवनागरीत दिलेत ते फक्त उच्चाराचा अंदाज यावा म्हणून. वहीत आणि ग्रुपवर अकराव्या दिवसापासून हे बंद करा. 'प्रिव्येत' असं देवनागरीत लिहिणं सुरू राहिलं तर वर्षभरानेही दुकानाची पाटी वाचता येत नाही.

उच्चार: इंग्रजीला बाजूला ठेवा

मराठी माणसाने रशियन इंग्रजीतून शिकायला घेतलं की हातचं सोडतो. 'स्तुद्येंत'चा 'स्टुडंट' होतो. रशियन त आणि द आपल्यासारखेच दंत्य आहेत; ट-ड कुठेच नाहीत. 'प', 'त', 'क' हेही आपल्यासारखेच, हवेचा झोत न सोडता म्हणायचे. 'चाक'मधला च आणि 'चिमणी'मधला च असे दोन्ही आवाज रशियनमध्ये वेगवेगळ्या अक्षरांनी लिहितात आणि ते दोन्ही आपल्या जिभेवर आधीच आहेत. षट्कोणातला ष नीट म्हणत असाल तर कठीण 'श'सुद्धा आलाच. 'ख' मात्र खडूचा नाही, उर्दूतल्या 'खबर'चा, घशात घासून काढलेला.

खरी मेहनत तीन ठिकाणी आहे. एक, मऊ व्यंजनं. शेवटी मऊपणाची खूण असलेला ल किंवा त म्हणताना जिभेचा मधला भाग टाळूला लावायचा, पण पूर्ण 'य' ऐकू येऊ द्यायचा नाही. दोन, 'इ' आणि 'उ' यांच्या मधला स्वर. तोंडाने 'उ' म्हणा, जीभ तिथेच मागे ठेवा आणि फक्त ओठ फाका. पुष्कळ जण 'उई' म्हणतात, ते चूक. 'असणे' आणि 'मारणे' या अर्थाच्या रशियन क्रियापदांत फरक फक्त या एका स्वराचा आहे, तेव्हा हयगय नको.

तिसरी गोष्ट आघात, म्हणजे शब्दातल्या एका अक्षरावर द्यायचा जोर, आणि गट सर्वांत जास्त इथेच ढिला पडतो. रशियनमध्ये आघात कुठल्याही अक्षरावर पडतो, रूप बदललं की जागा बदलू शकतो आणि साध्या पुस्तकात तो छापलेला नसतो. ज्यावर आघात नाही तो 'ओ' 'अ' होतो, म्हणून दूध 'मोलोको' लिहितात आणि 'मलाको' म्हणतात. 'प्लाचू' असा पहिल्यावर जोर दिला तर 'मी रडतोय', शेवटी दिला तर 'मी पैसे देतोय'. दुकानात हा फरक कामाचा. नियम करा: वहीत एकाहून जास्त स्वरांच्या प्रत्येक शब्दावर लाल पेनाने आघाताची खूण. खूण नसेल तर तो शब्द लिहिलाच नाही असं धरायचं. आघात कुठे हे विक्शनरी या ऑनलाइन शब्दकोशात मिळतं, ऐकायला फोर्वो ही उच्चारांची साइट आहे.

विभक्ती: शाळेतलं व्याकरण काढा

सहा विभक्त्या ऐकून लोक घाबरतात. आपण शाळेत प्रथमा ते संबोधन घोकलेलं असतं. गुरुजी, इथे तुमचा गट पुढे जाईल. तीन लिंगंही आपल्याला नवीन नाहीत, आणि रशियन लिंग मराठीपेक्षा सोपं. शब्द व्यंजनाने संपला तर पुल्लिंग, 'आ-या'ने संपला तर स्त्रीलिंग, 'ओ-ये'ने संपला तर नपुंसकलिंग. मऊपणाच्या खुणेने संपणारे मात्र एकेक पाठ करायचे. 'पापा' म्हणजे वडील, शेवट आ असला तरी पुल्लिंग. ते वेगळं सांगायला नको.

'माझ्याकडे पुस्तक आहे', 'मला आवडतं', 'मला थंडी वाजते' ही वाक्यं रशियनमध्ये अशाच बांधणीची आहेत. 'आय हॅव'च्या वाटेला गेलात तर वाट चुकेल. मराठीतून थेट 'उ मिन्या येस्त्य', 'म्न्ये न्रावित्सा' असं या. कन्नडातही 'ननगे' असंच चालतं, त्यामुळे सीमाभागातल्या कानाला हे दुप्पट सोपं जातं.

शिकायचा क्रम असा ठेवा: आधी 'कुठे' सांगणारी, मग कर्माची, मग षष्ठी, मग चतुर्थी, शेवटी तृतीया. एका विभक्तीला दोन आठवडे द्या. पहिल्या दोन आठवड्यांत फक्त गावं घ्या. पुण्याला रशियनमध्ये 'पूना' म्हणतात आणि ते विभक्तीत चालतं, म्हणजे त्याचा शेवट बदलतो: 'व पून्ये' म्हणजे पुण्यात, 'व पूनु' म्हणजे पुण्याला. जुनं 'बेल्गाउम' व्यंजनाने संपतं म्हणून चालतं, खानापूर आणि गोकाकही चालतात. नवं 'बेलागावी' आणि निपाणी, चिकोडी मात्र 'इ'ने संपतात, म्हणून दिल्लीसारखीच अविकारी राहतात. सहा जणांनी सहा गावं घेऊन 'तू कुठे राहतोस, कुठे चाललास' असं विचारत सुटलं की शेवट तोंडात बसतात.

षष्ठीची सुरुवात 'नाही'पासून करा. 'स्व्येता न्येत' म्हणजे लाइट नाही, 'इंतेर्नेता न्येत' म्हणजे इंटरनेट नाही. हेस्कॉमच्या, म्हणजे इथल्या वीज कंपनीच्या, कृपेने सराव आपोआप होतो. मग आकडे: १ ला 'रूब्ल्य', २, ३, ४ ला 'रुब्ल्या', ५ पासून २० पर्यंत 'रुब्ल्येय', २१ ला परत 'रूब्ल्य'. हे नियम म्हणून पाठ करण्यापेक्षा बाजारातल्या भावांवर घोळवा.

मराठीमुळे होणाऱ्या चुका दोन, त्या आधीच सांगून ठेवा. भूतकाळात आपलं क्रियापद कर्माप्रमाणे बदलतं: त्याने पुस्तक वाचलं, तिने पुस्तक वाचलं. रशियनमध्ये ते कर्त्याप्रमाणे बदलतं, म्हणून तो 'चिताल', ती 'चिताला'. पुस्तकाचं लिंग कुठलंही असो. दुसरी चूक 'जाणे' या क्रियापदाची. चालत जातो तेव्हा 'या इदू', वाहनाने जातो तेव्हा 'या येदु'. खानापूरहून बेळगावला 'इदू' म्हणाल तर ऐकणारा म्हणेल, एवढं चालत?

तासाचं गणित

एकच नियम कडक पाळा: शिकायचं घरी, गटात फक्त बोलायचं. गटात व्याकरण समजावत बसलं की ज्याला सगळ्यात जास्त येतं तो शिक्षक होतो आणि बाकीचे श्रोते.

आठवड्याला दोन तास, प्रत्येकी ५० मिनिटं. फुकटच्या गुगल मीटवर तीन किंवा जास्त माणसं असली की कॉल ६० मिनिटांत तुटतो. झूमवर ४० मिनिटांत. पहिली पाच मिनिटं फक्त रशियनमध्ये विचारपूस. मग दहा मिनिटं श्रुतलेखन: एकाने आठ छोटी वाक्यं दोनदा वाचायची, बाकीच्यांनी हाताने लिहून वही कॅमेऱ्यासमोर धरायची. शब्दाच्या शेवटचा 'ब' 'प' ऐकू येतो आणि 'ग' 'क' ऐकू येतो, म्हणून भाकरीला 'ख्ल्येप' लिहिणारे निघतील; ती चूक श्रुतलेखनातच सापडते. पुढची वीस मिनिटं जोड्यांची. फुकट मीटवर वेगळ्या खोल्या करता येत नाहीत, म्हणून जोडीने व्हॉट्सॲप कॉलवर जायचं आणि ठरल्या मिनिटाला मीटवर परत यायचं. उरलेल्या वेळात दुरुस्ती आणि पुढचं काम. वाचणारा, वेळ बघणारा आणि चुका टिपणारा दर आठवड्याला बदला.

दुरुस्तीलाही शिस्त लागते. वाक्य पूर्ण होऊ द्या, मग एकच चूक सांगा. एका आठवड्यात फक्त आघात, पुढच्यात फक्त शेवट. प्रत्येक शब्दाला अडवलं की घाबरट माणूस गप्प होतो, आणि त्याच्यासाठीच तर गट असतो.

मधल्या दिवशी प्रत्येकाने ४० सेकंदांचा एक व्हॉइस मेसेज टाकायचा. पावसाळ्यात जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला लाइट आणि रेंज दोन्ही दगा देतात, त्या दिवसांत दुसरा तास व्हॉइस मेसेजवरच घ्या. रेंज आली की मेसेज जातो, तास बुडत नाही. त्या ग्रुपवर सुप्रभात, लग्नपत्रिका आणि पीडीएफचे गठ्ठे टाकायला बंदी. पीडीएफ साठवणारा माणूस शिकतोय असं स्वतःला वाटतं, एवढंच.

शब्दांसाठी अँकी हे उजळणीच्या कार्डांचं ॲप वापरा, अँड्रॉइडवर ते फुकट आहे. कार्डाच्या पुढे मराठी वाक्य, मागे आघाताच्या खुणेसकट रशियन वाक्य. सुटा शब्द टाकू नका. क्रियापद नेहमी जोडीने टाका, 'चितात्य' आणि 'प्रचितात्य': पहिलं वाचत असणं, दुसरं वाचून काढणं.

तिसऱ्या महिन्यापासून महिन्यातून दोनदा तरी रशियन माणसाचा कान हवा, नाहीतर सहा जण एकमेकांच्याच चुका पक्क्या करतात. हिंदी किंवा इंग्रजी शिकणारे रशियन भाषा-देवाणघेवाणीला तयार होतात. अर्धा तास त्यांचा, अर्धा तास तुमचा. मॉस्को आपल्या अडीच तास मागे आहे, म्हणून आपल्या रात्री ९ ला तिथे संध्याकाळचे ६.३०. येकातेरिनबुर्ग अर्धाच तास मागे, नोवोसिबिर्स्क मात्र दीड तास पुढे, त्यांना रात्री उशिरा बोलावू नका. पहिल्या भेटीत 'तुम्ही' या अर्थाचं 'वी' वापरा, 'ती' म्हणजे 'तू' त्यांनी सुचवल्यावर. शिक्षक असतील तर 'सर-मॅडम' नको, त्यांचं नाव आणि वडिलांच्या नावावरून आलेलं दुसरं नाव, दोन्ही मिळून हाक मारा. ते दुसरं नाव आधी विचारून, आघातासकट लिहून ठेवा.